बॅकअप होता, फाइली नव्हत्या

कोरडी_शाई | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, गेल्या आठवड्यात माझ्या संगणकातली एसएसडी, म्हणजे आतली नव्या प्रकारची डिस्क, गेली. जुन्या हार्डडिस्का जाण्याआधी निदान टकटक तरी करायच्या, हिने तेवढीही कल्पना दिली नाही. रात्री नीट बंद केला, सकाळी चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करण्यासारखं काही सापडत नाही.

खरं सांगते, मी घाबरले नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी एक्सटर्नल डिस्क जोडते, डेस्कटॉपवरचं सगळं निवडते, कॉपी करते, पेस्ट करते. तीन वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही. वहीत तारखा लिहिलेल्या आहेत, हवं तर दाखवते.

बहिणीच्या लॅपटॉपला डिस्क जोडली. 'चालू काम' या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली आणि उत्तर आलं की हा शॉर्टकट ज्याच्याकडे जातो ती वस्तू हलवली किंवा बदलली गेली आहे. मग नीट पाहिलं. आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात तो वाकडा बाण. साइज २ केबी. मागच्या महिन्याच्या फोल्डरमध्ये २ केबी, त्याच्या मागच्या महिन्यात २ केबी. छत्तीस महिने, छत्तीस बाण.

झालं असं, की तीन वर्षांपूर्वी सी ड्राइव्ह भरला म्हणून मी कामाचा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवला आणि सोयीसाठी डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवला. नंतर हे साफ विसरले. डी ड्राइव्ह होता त्याच एसएसडीवर.

मी भाषांतरं करते. पूर्ण झालेली कामं संपादकांना पाठवलेल्या ईमेलमधून परत मिळाली. अर्धवट असलेलं चौदा महिन्यांचं एक मोठं काम आणि सहा हजार नोंदींची माझी शब्दसूची गेली.

रडून झालंय, तेव्हा सांत्वन नको. तीन प्रश्न आहेत:
१) फाइलींचा बॅकअप नेमका घ्यायचा कसा?
२) सॉफ्टवेअरचं काय? प्रोग्रॅम फाइल्सचा फोल्डर उचलून ठेवला तर चालतो का?
३) बॅकअप खरा आहे हे आधी कळायचं कसं?

टिंबटिंब | रविवार, रात्री ११:५८

पोटात गोळा आला. उठून आत्ता माझी डिस्क जोडली. डेस्कटॉपच्या कॉपीत ११ आयकॉन आहेत, त्यातले ९ बाणवाले.

झोप गेली. धन्यवाद म्हणू की काय म्हणू?

उंटावरचा_शहाणा | सोमवार, सकाळी ७:१०

बैल गेला नि झोपा केला. डिस्का जोडायचे दिवस गेले हो. सगळं क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवा, आपोआप वर जातं. विषय संपला.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ७:४५

विषय इथे सुरू होतो, उंटराव.

सिंक वेगळं आणि बॅकअप वेगळा. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही इथे फाइल उडवलीत की ती तिथेही उडते. इथे फाइल बिघडली की बिघडलेली प्रत इमानदारीत वर जाते. उडवलेलं काही दिवस कचरापेटीत राहतं हे खरं, गूगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस, वैयक्तिक वनड्राइव्हमध्येही ३० दिवस. पण तुमच्या लक्षात एकतिसाव्या दिवशी आलं तर? माणसाला वार्षिक हिशेबाची फाइल वर्षातून एकदाच आठवते.

दुसरी गंमत म्हणजे जागा वाचवायला हे लोक संगणकावर फाइलीचं नुसतं नाव ठेवतात, मजकूर वरच असतो. आयकॉनशेजारी छोटा ढग दिसतो तो त्याचाच. नेट बंद असताना तो फोल्डर बॅकअपला लावून पाहा, मजा कळेल. शाईताईंच्या बाणाचाच हा चुलतभाऊ.

आता ताईंचा पहिला प्रश्न. सगळीकडे सांगतात तो तीन-दोन-एकचा हिशेब छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. कोणत्याही महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मूळ फाइल धरून तीन. म्हणजे कामाची प्रत संगणकात, एक एक्सटर्नल डिस्कवर, एक दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा क्लाउड असेल, नातेवाइकाच्या कपाटातली डिस्क असेल, काहीही.

मोजताना लोक चुकतात ते इथे: सी आणि डी या बहुतेक वेळा दोन डिस्का नसतात. एकाच डिस्कवर आखलेले ते दोन चौकोन. डिस्क गेली की दोन्ही जातात. 'माय कॉम्प्युटर'मध्ये दोन दिसतात म्हणून फसायला होतं.

आणि ताई, ती मेलेली एसएसडी पुन्हा पुन्हा जोडून बघू नका. काम मोठं आहे, तेव्हा डेटा रिकव्हरीवाल्यांना एकदा दाखवा. आशा फार ठेवू नका. हार्डडिस्कवरून चुकून उडालेली फाइल बऱ्याचदा परत निघते. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय उडवलेल्या फाइलींची जागा खरोखरच पुसून टाकते. तुमचं तसं झालेलं नाही, तुमच्याकडे आतलं सर्किट गेलं असावं. म्हणून थोडी शक्यता उरते.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, सकाळी ८:२०

व्हर्जन हिस्टरी असते की! जुनी प्रत मागे जाऊन काढता येते.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८:३१

असते. किती मागे जाता येतं ते आज उघडून पाहा, आणि इथे लिहा.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, दुपारी १:०५

पाहिलं. माझ्या सेवेत ३० दिवस. ठीक आहे, अर्धा विषय संपला असं वाचावे.

आजोबा_ऑनलाइन | सोमवार, दुपारी ३:१५

नमस्कार. विषय निघाला आहे म्हणून विचारतो. पेनड्राइव्हवर ३० जीबी जागा मोकळी आहे. नातीच्या नृत्याची ध्वनिचित्रफीत ५ जीबीची आहे. ती टाकू जाता फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो. जागा आहे तर मोठी कशी?

जुना_खोडरबर | सोमवार, दुपारी ३:४०

आजोबा, पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे, मग जागा कितीही असो. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा, मग पेनड्राइव्हवर उजवी टिचकी, फॉरमॅट, आणि यादीतून एक्सफॅट निवडा. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं.

पण नृत्याची एकमेव प्रत पेनड्राइव्हवर ठेवू नका. पेनड्राइव्ह न्यायला-आणायला बरा, सांभाळायला नाही.

भिंगरी | सोमवार, रात्री ९:३०

शाईताई, तुमच्यापेक्षा मोठा पराक्रम माझा आहे, म्हणून सांगते.

विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा मिळते. तिला मिररचा पर्याय दिला की मूळ फोल्डर आणि बॅकअप तंतोतंत सारखे करते. सुंदर चालते. एवढंच, की मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधून उडवून टाकते. नवी कोरी डिस्क आणली, उत्साहात ओळ लिहिली, आणि 'कुठून' च्या जागी 'कुठे' लिहिलं. कोऱ्या डिस्कमध्ये काहीच नव्हतं. त्यामुळे माझ्या फोटोंच्या फोल्डरमध्येही काही ठेवायचं कारण नाही असं तिचं मत पडलं. खिडकीत ओळी इतक्या झरझर वर जात होत्या की मला वाटलं, वा, काय वेग आहे.

जुनी डिस्क अजून फेकली नव्हती म्हणून वाचले. आता आधी यादीचा पर्याय लावते. त्यात ती काय करणार ते नुसतं सांगते, करत काही नाही. वाचून मग खरी ओळ.

टिंबटिंब | सोमवार, रात्री ९:३४

'काय वेग आहे' ला फुटले.

पेंग्विनप्रेमी | सोमवार, रात्री १०:२०

लिनक्सवर हेच काम आरसिंक करतं. १९९६ पासून आहे, बदललेला भाग तेवढाच पाठवतं. उडवण्याचा पर्याय तिथे मुद्दाम मागावा लागतो, आणि 'ड्राय रन' म्हणून कोरडी तालीमही करता येते. खुद्द लिनक्स प्रणालीच्या बॅकअपसाठी टाइमशिफ्ट आहे. लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट स्वतःहून तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही. प्रणाली परत येते, फोटो येत नाहीत. हे कळायला मला एक पूर्ण शनिवार लागला.

पण मी आलो ते दुसऱ्याच कारणासाठी. देवनागरीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचा, कारण इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांना हा त्रास कधी होतच नाही, त्यामुळे कोणी लिहीत नाही.

विंडोजवरच्या फाइली लिनक्सच्या डिस्कवर घेत होतो. काही फाइली 'नाव फार लांब आहे' म्हणून नाकारल्या गेल्या. त्यातली एक अशी:

प्रकरण सातवे भाषांतर पहिला खर्डा संपादकांच्या सूचनांसह दुरुस्त केलेली अंतिम प्रत नक्की हीच शेवटची

(माझी नाही, बायकोची आहे. तीही भाषांतरं करते. शाईताई ओळखतील ही जात.)

विंडोज नावातली चिन्हं मोजतं, मर्यादा २५५. हे नाव एक्सटेन्शनसकट १०२ चिन्हांचं, आरामात बसतं. लिनक्सची ईएक्सटी४ ही डिस्कवर फाइली मांडायची पद्धत बाइट मोजते, मर्यादा तीच २५५. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे नावं साठवायच्या नेहमीच्या सांकेतिक पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'प्र' दिसायला एक अक्षर, आत प, हलन्त आणि र, मिळून ९ बाइट. वरच्या नावात ८४ देवनागरी चिन्हं, म्हणजे २५२. मधल्या मोकळ्या जागा १३. एक्सटेन्शन ५. एकूण २७०. पंधरा बाइटांनी नापास.

म्हणजे मराठी नाव साधारण ८० चिन्हांच्या आत ठेवलं की कुठेही जातं.

आणखी एक. जुन्या झिप सॉफ्टवेअरने बांधलेल्या गाठोड्यात देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर येतात. फाइली आत शाबूत असतात, पण चारशे फाइली आणि सगळ्यांचं नाव '????' असलं की त्या असून नसल्यासारख्याच. सेव्हनझिप वापरा आणि एकदा उलगडून बघा.

कोरडी_शाई | सोमवार, रात्री १०:५०

ती 'जात' ओळखली. माझ्याकडे एका फाइलीचं नाव 'अंतिम २ खरंच अंतिम' आहे. होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

जुना_खोडरबर | मंगळवार, सकाळी ६:५५

सांगतो, जरा लांबेल. रुमाल टाकून बसा.

प्रोग्रॅम फाइल्सचा फोल्डर उचलून नव्या संगणकावर टाकला तर बहुतेक सॉफ्टवेअर चालत नाहीत. इन्स्टॉल होताना सॉफ्टवेअर एका जागी बसत नाही, चार ठिकाणी पाय पसरतं. मुख्य फाइली प्रोग्रॅम फाइल्समध्ये. तुमच्या आवडीनिवडी अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरात. सगळ्या वापरकर्त्यांसाठीच्या गोष्टी प्रोग्रॅमडेटामध्ये, तोही लपवलेला. आणि कोण कुठे आहे त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत. नव्या विंडोजच्या रजिस्ट्रीत या पाहुण्याचं नावच नसतं. अपवाद 'पोर्टेबल' सॉफ्टवेअरचा, त्यांचा संसार एकाच फोल्डरात असतो, तो उचलला की झालं.

त्यामुळे सॉफ्टवेअरच्या बाबतीत दोन वाटा.

एक, अख्ख्या डिस्कची इमेज काढायची. क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला हे काम फुकट करतात, पेनड्राइव्हवरून सुरू होतात. विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, सगळ्याचा जसाच्या तसा ठसा. डिस्क गेली तर नवी बसवायची, इमेज ओतायची, तासाभरात काल जसं होतं तसं. दोष असा की मदरबोर्डच बदललं तर ठसा नीट बसेलच असं नाही, आणि एकच फाइल हवी असेल तर इमेजमधून काढायला खटपट पडते. म्हणून इमेज दोनतीन महिन्यांनी किंवा मोठा बदल केल्यावर, आणि फाइलींचा बॅकअप वेगळा.

दोन, पुन्हा उभं करायची तयारी ठेवायची. मी हेच करतो. 'उभारणी' नावाचा एक फोल्डर आहे, त्यात:

सेटअप फाइली. विशेषतः जुन्या आवृत्तींच्या, कारण कंपन्या जुनं संकेतस्थळावरून काढून टाकतात. त्यांच्या परवान्यांच्या किल्ल्या एका साध्या मजकूर फाइलीत. विंडोजमध्ये विनगेट नावाची आज्ञा आहे, ती तिच्या साठ्यात असलेल्या तुमच्या सॉफ्टवेअरची यादी एका फाइलीत लिहून देते आणि नव्या संगणकावर ती यादी वाचून सगळं परत उतरवते. साठ्यात नसलेली हातानं. ड्रायव्हर, त्यातही नेटवर्कचा आधी. तो नसला तर नेट नाही, आणि नेट नाही तर बाकीचे ड्रायव्हर उतरवणार कसे? ही कोंडी रात्री एक वाजता फार जीवघेणी वाटते.

विंडोजची किल्ली शोधत बसू नका. हल्ली परवाना बहुधा डिजिटल असतो, मदरबोर्डशी जोडलेला. डिस्क बदलली तरी विंडोज स्वतःला ओळखतं. विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह मात्र आत्ता, संगणक चालू असतानाच करून ठेवा. निदान ८ जीबीचा लागतो. संगणक बंद पडल्यावर तो बनवायला दुसऱ्याचा संगणक मागावा लागतो.

बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी किल्ली कागदावर लिहा. अनेक लॅपटॉपमध्ये ते मालकाला न विचारता चालू असतं. डिस्क धडधाकट, आणि मालक बाहेर, अशी वेळ येते.

आणि फाँट. हे मराठीवाल्यांसाठी. युनिकोडच्या आधीचं तुमचं लेखन श्रीलिपी, आकृती असल्या फाँटांत असेल तर फाइल ठेवून भागत नाही. त्या फाँटांनी देवनागरीची वळणं रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवली होती. फाँट गेला की खुर्च्या तेवढ्या उरतात आणि अख्खा निबंध अर्थहीन रोमन अक्षरांत दिसतो. तो फाँट, त्याचा कळफलक, त्याचा सेटअप, तिन्ही बॅकअपमध्ये हवेत. त्याहून बरं म्हणजे ते लेखन आताच युनिकोडमध्ये बदलून दोन्ही प्रती ठेवा. बदलताना जोडाक्षरं आणि रफार तपासा, तिथे हमखास घोळ होतो.

टिंबटिंब | मंगळवार, सकाळी ७:३०

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). खोडरबरकाका, 'उभारणी' हे नाव चोरते आहे.

कोरडी_शाई | मंगळवार, सकाळी ९:००

काका, दंडवत. शब्दसूची होती भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये. ती नेमकी कुठे साठत होती हे मला आजही माहीत नाही.

जुना_खोडरबर | मंगळवार, सकाळी ९:२०

बहुतेक त्या लपवलेल्या फोल्डरांपैकी एकात. तिथून उचलण्याच्या फंदात पडू नका. सॉफ्टवेअरमध्येच एक्सपोर्ट असतं. भाषांतर-स्मृती, म्हणजे आधी केलेल्या वाक्यांच्या जोड्यांचा साठा, टीएमएक्स स्वरूपात काढा, शब्दसूची साध्या सीएसव्हीत. टीएमएक्स भाषांतराचं जवळपास कोणतंही सॉफ्टवेअर वाचतं, त्यामुळे उद्या ते सॉफ्टवेअरच बंद पडलं तरी शब्द तुमचे. हिशेब, वह्या, संपर्क, ब्राउझरच्या खुणा, सगळ्यांना हाच नियम लावा.

चारचाकी | मंगळवार, सकाळी ११:१०

मी दोन डिस्का रेडमध्ये टाकल्या आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. मला बॅकअपची गरज नाही.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११:२५

एक फाइल उडवा. दोन्हीकडून उडेल, आणि तेही एकाच क्षणी. रेड डिस्क मेल्यावर काम थांबू नये म्हणून असतो.

अवांतर, पण सांगतोच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या लोकांचा प्रोग्रॅमचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसायची आज्ञा दिली. एकदोन सेकंदात चूक कळून थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे गुपचूप अपयशी ठरत होता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेली पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने वेगळ्या कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं, त्याबद्दल त्यांना मानतो.

ज्यांचा धंदाच हा, त्यांची ही गत. शाईताईंनी स्वतःला बोल लावायचं कारण नाही.

चारचाकी | मंगळवार, सकाळी ११:४०

उडवली. दोन्हीकडून गेली. बिनमहत्त्वाची होती. पटलं.

आजोबा_ऑनलाइन | मंगळवार, दुपारी ४:००

एक्सफॅट केले. चित्रफीत गेली. आता शंका: एक्सटर्नल डिस्क कायम जोडून ठेवली तर बरे नाही का? विसरायला नको.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:३५

आजोबा, विसरायला नको हे खरं. पण खंडणीखोर व्हायरस आला तर तो जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो, बॅकअपसकट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्यात सापडले. असले व्हायरस विंडोजने स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रतीही आधी पुसतात. न जोडलेल्या डिस्कला मात्र त्याचा हात पोचत नाही. तेव्हा जोडा, बॅकअप घ्या, 'सेफली रिमूव्ह' करून काढा, खणात ठेवा. शक्य तर दोन डिस्का आलटून पालटून.

भिंगरी | मंगळवार, रात्री ८:१५

किती वेळाने घ्यायचा याचं मी ठोकळ उत्तर काढलंय. किती दिवसांचं काम पुन्हा करायची माझी तयारी आहे? दोन दिवसांचं. मग दोन दिवसांनी. हाताने होत नाही, म्हणून यंत्रावर सोपवलंय.

मॅकवाल्यांना टाइम मशीन २००७ पासून आयतं आहे: शेवटच्या २४ तासांच्या तासातासाच्या प्रती, महिन्याभरातल्या रोजच्या, त्याआधीच्या आठवड्याच्या. जागा संपली की सगळ्यात जुनी जाते. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी थोडं तसंच करते. पण शाईताई, तुमचा डी वरचा फोल्डर तिच्यात आपोआप येणार नाही. त्याला आधी लायब्ररीत घ्यावं लागतं. तीही फक्त तुम्ही दाखवाल तेवढंच बघते.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, रात्री ९:००

मी एकदा सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत ठेवले, ती फाइल कुलूपबंद बॅकअपमध्ये ठेवली, आणि बॅकअपचा पासवर्ड त्या फाइलीत.

हलके घ्या. पण खरंच केलं होतं.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:२०

उंटराव, तुम्ही आज आवडलात. मंडळी, बॅकअपचा पासवर्ड आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचे राखीव कोड कागदावर. कागद हँग होत नाही.

तिसरा प्रश्न राहिला. बॅकअप खरा आहे हे तो परत ओतून बघितल्याशिवाय कळत नाही. 'यशस्वी' असा हिरवा टिक दिसतो त्याचा अर्थ एवढाच, की जे सांगितलं ते उचललं. काय सांगितलं होतं ते तो बघत नाही. बाणही यशस्वीपणे उचलला जातो.

माझी रीत: डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडायची. स्वतःच्या संगणकावर शॉर्टकटसुद्धा उघडतात, कारण मूळ फाइल तिथेच असते. ताई, छत्तीसपैकी एकदा जरी तुम्ही बहिणीच्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं असतंत तर लगेच दिसलं असतं. मग पाच फाइली आडव्यातिडव्या निवडायच्या: एक जुनी, एक कालची, एक फोटो, एक सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केलेली, एक अगदी खोल फोल्डरातली. उघडायच्या आणि शेवटपर्यंत जायचं. मग मूळ फोल्डर आणि बॅकअप, दोघांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या ताडायची. फार मोलाचं काही असेल तर शा-२५६ चा चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून तोही. एक बिट बदलला की आकडा पूर्ण बदलतो.

वेळ? पाऊण तास, तीन महिन्यांतून एकदा.

कोरडी_शाई | बारा दिवसांनी, रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढते.

एसएसडीतून काही निघालं नाही. रिकव्हरीवाल्यांनी आतली चिप बघून सरळ नाही म्हणून सांगितलं. चौदा महिन्यांच्या कामातली पहिली चार प्रकरणं एका मैत्रिणीला वाचायला पाठवली होती, ती मिळाली. पाचव्यापासून पुन्हा सुरू केलंय. शब्दसूची आठवेल तशी भरते आहे, नऊशेपर्यंत आले.

नवीन संगणकावर 'उभारणी' झाली. डी वरचं कामच थेट बॅकअपला लावलं आणि आज दुपारी रात्रपाळींच्या रीतीने बहिणीच्या लॅपटॉपवर तपासलं. पाचही फाइली उघडल्या. संख्या ताडली तर मुळात ८,२१४ आणि बॅकअपमध्ये ८,२११. तीन कमी.

दीड तास शोधत होते. तिन्ही सापडल्या एका फोल्डरात, फोल्डराच्या फोल्डराच्या फोल्डरात. कॉपी होताना मध्येच एक चौकट आली होती की बॅकअपच्या जागी हे नाव फार लांब होतंय, आणि मी घाईत 'स्किप' दाबलं होतं. फाइलीचं नाव लहानच होतं, पण विंडोज मुळापासूनचा सगळा रस्ता मोजतं आणि २६० चिन्हांवर अडतं. बॅकअपच्या फोल्डराला मी तारीख-वाराशिवाय वर 'संपूर्ण बॅकअप' असं भारदस्त नाव दिलं होतं, त्यामुळे रस्ता त्या आकड्यापुढे गेला.

पेंग्विनप्रेमी | रविवार, रात्री १०:३०

कुठल्या फाइली होत्या?

कोरडी_शाई | रविवार, रात्री १०:४२

मैत्रिणीकडून आलेल्या चार प्रकरणांपैकी तीन.

नावं आखूड केली, पुन्हा टाकल्या, पुन्हा मोजल्या. ८,२१४. डेस्कटॉपवरचा बाण मी काढला नाही, सोयीचा आहे. त्याचं नाव बदललं: 'हा शॉर्टकट आहे'.